बास गळतो कुठे?

"जास्त बास हवा, तर जास्त पैसे मोजा." हेडफोनच्या बाजारात हा सिद्धान्त इतका मुरला आहे की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातच येत नाही. पुण्याची तापकीर गल्ली असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पाचशे रुपयांचा इअरफोन मागणाऱ्या पोराला विक्रेता तो दाखवतो खरा, पण लगेच "बास पाहिजे असेल तर हा घे" म्हणत दीड हजाराचं खोकं पुढे सरकवतो. खोक्यावर 'सुपर बास'ची ठळक अक्षरं आणि खाली ड्रायव्हरचा, म्हणजे आत आवाज काढणाऱ्या भागाचा, आकार मिलिमीटरमध्ये. पोरगा घरी जाऊन गाणं लावतो. झांजा कानाला टोचतात आणि ढोल काही लागत नाही.

सिद्धान्ताचा पायाच कच्चा आहे. जेरून ब्रेबार्ट या ध्वनिसंशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. खालच्या स्वरांपासून वरच्या स्वरांपर्यंत कोणता स्वर हेडफोन किती जोरात वाजवतो, याचा आलेख आणि किंमत यांच्यात त्यांना कसलंही नातं सापडलं नाही. महागड्या हेडफोनमध्ये टिकाऊपणाचे, आरामाचे, माइकचे, बाहेरचा गोंगाट मारणाऱ्या सर्किटचे पैसे असतात. नावाचे तर असतातच. खर्जाचे वेगळे पैसे पडत नाहीत.

ड्रायव्हर मोठा म्हणजे बास मोठा, हा याच सिद्धान्ताचा धाकटा भाऊ. खोलीतल्या स्पीकरला तो बऱ्यापैकी लागू पडतो, कारण तिथे अख्ख्या खोलीतली हवा हलवायची असते. कानाच्या नळीत शिरणाऱ्या इअरफोनपुढे हवा असते ती जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर. ती जागा नीट बंद असेल तर चिमुकला पडदासुद्धा आतला दाब हवा तसा कमी-जास्त करू शकतो. एटिमोटिक या अमेरिकी कंपनीचा 'ईआर-४' १९९१ साली आला. त्याच्या आतला ड्रायव्हर तांदळाच्या दाण्यांशी स्पर्धा करेल इतका लहान होता, तरी कानात घट्ट बसला की तो तळाच्या स्वरांपर्यंत सरळ उतरायचा. सगळी मेख त्या 'घट्ट बसला की'मध्ये आहे. कान आणि इअरफोन यांच्यात बारीकशी फट राहिली, तर खर्जाची कंपनं सावकाश असल्यामुळे दाब साठायच्या आतच हवा त्या फटीतून निसटते. वरच्या स्वरांची कंपनं इतकी वेगवान असतात की त्यांना ती फट फारशी जाणवत नाही. म्हणून ढोल जातो आणि झांजा उरतात. "या इअरफोनला बासच नाही" अशी तक्रार करणाऱ्याने आधी ही फट शोधावी.

शोधायला एक पैसा लागत नाही. ४० ते ५० हर्ट्झचा एकसुरी आवाज किंवा ओळखीचं ढोलाचं गाणं लावायचं आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबायचा. दाबल्याबरोबर बास उसळला तर इअरफोन निर्दोष आहे, टोपी चुकली आहे. खोक्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांच्या रबरी टोप्या येतात. कित्येक जण कारखान्यातून बसवून आलेली मधली टोपी आयुष्यभर वापरतात आणि बाकीच्या दोन जोड्या खोक्यासकट रद्दीत जातात. दोन्ही कानांना एकच माप लागेल असंही नाही. डाव्याला मोठी आणि उजव्याला मधली टोपी लावायला कुठल्याही शास्त्राची आडकाठी नाही. रबर बसतच नसेल तर दाबून आत घातल्यावर हळूहळू फुगणाऱ्या फोमच्या टोप्या मिळतात. नवा इअरफोन घेण्यापेक्षा त्या पुष्कळ स्वस्त पडतात.

कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनलाही हाच न्याय. तिथे फट पाडतात चष्म्याच्या काड्या, गादीखाली अडकलेले केस आणि स्वतः गादी. नकली लेदरच्या गाद्यांवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत विघटित होतो. कोकणात आणि मुंबईत त्याचे काळे पापुद्रे मानेवर कसे चिकटतात ते वेगळं सांगायला नको. पापुद्रे निघालेली, चेपलेली गादी खर्ज धरून ठेवत नाही. हेडफोन टाकून देण्याआधी गाद्या बदलाव्यात. फक्त हौसेने मखमली गाद्या घेऊ नयेत. उकाड्यात त्या बऱ्या वाटतात, पण कापडातून हवा जाते आणि बास आणखी घटतो.

वायरवाल्या स्वस्त इअरफोनचा एक खास आजार दुकानदारही क्वचित ओळखतात. फोनच्या खाचेत खिशातला धागा-कचरा साचला आणि प्लग पूर्ण आत गेला नाही, तर दोन्ही कानांची सामाईक तार, म्हणजे ग्राउंड, सुटते. मग कानात येतो तो डाव्या-उजव्या आवाजातला फरक. रेकॉर्डिंगमध्ये गायक आणि बास सहसा मधोमध ठेवलेले असतात, म्हणजे दोन्हीकडे सारखे. ते एकमेकांना कापतात आणि विहिरीच्या तळाशी कुणी गातंय असा पोकळ आवाज उरतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने खाच हलकेच साफ केली की 'बिघडलेला' इअरफोन बरा होतो.

आता बाजाराचे बाकीचे तोडगे. नवा हेडफोन आधी शंभर तास वाजवून 'मुरवायचा' म्हणजे बास खुलतो, असं सांगणारे भेटतात. शंभर तासांत खरोखर बदलतात त्या दबून कानाला नीट बसलेल्या गाद्या, आणि त्या आवाजाला सरावलेला मेंदू. जाड सोनेरी केबलबद्दल न बोललेलंच बरं. ॲम्प्लिफायरची गोष्ट थोडी वेगळी. ३०० ओहमच्या स्टुडिओ हेडफोनला फोनची ताकद अपुरी पडू शकते, तिथे ॲम्प्लिफायर हवाच. पण सर्वसाधारण इअरफोन १६ ते ३२ ओहमचे असतात आणि फोन त्यांना सहज पेलतो. चांगला ॲम्प्लिफायर सगळेच स्वर सारखे वाढवतो. खर्जाला झुकतं माप देणं हे त्याचं कामच नाही.

बाजाराच्या विरुद्ध बाजूला दुसरा प्रतिपक्ष उभा आहे, आणि तो जास्त तोऱ्यात बोलतो. त्याचं म्हणणं, बासची हाव ही डीजेवर पोसलेल्या कानांची. खऱ्या रसिकाने सपाट आवाज ऐकावा आणि स्वरांचं प्रमाण कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरला हात लावू नये. या सोवळ्याला आधार काय? हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणता हेडफोन वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देता वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या. लोकांना आवडला तो चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज, आणि खोलीच्या भिंतींमुळे त्या आवाजात खर्ज मुळातच थोडा उचललेला असतो. ६४ टक्के ऐकणाऱ्यांनी हा उचललेला खर्ज पसंत केला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त हवा होता, २१ टक्क्यांना कमी. शिवाय अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतले फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं की आवाज हळू केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा लवकर कमी ऐकू येतो. जुन्या टेपडेकवर 'लाउडनेस'चं बटण होतं ते याचसाठी. रात्री घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याने बास थोडा वाढवला, तर तो मूळ आवाजाच्या जवळच जातो.

आणि खर्ज काय फक्त डीजेवाल्यांचा? पुरुष गायकाने काळी एकमध्ये स्वर लावला, तर तानपुऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. टोपी सैल असलेल्या इअरफोनमध्ये त्या तारेचा मूळ स्वर पातळ होतो, डग्ग्याचा घुमारा आटतो आणि उरते ती चाटेची टिकटिक. रसिकांनी या वादात बासच्या बाजूने उभं राहायला हवं होतं.

फट बुजवूनही बास कमीच वाटला, तर इक्वलायझर वापरावा. तो फुकट आहे. विंडोजवर 'इक्वलायझर एपीओ', अँड्रॉइडवर 'वेव्हलेट', आयफोनच्या म्युझिकमध्ये तयार 'बास बूस्टर', स्पॉटिफायच्या सेटिंगमध्येही सोय आहे. 'ऑटोईक्यू' या मुक्त प्रकल्पात तर हजारो हेडफोनांच्या मोजमापांवरून काढलेल्या सुधारणा तयार मिळतात. लोक चुकतात ते पट्टी वर ढकलून मोकळे होतात तिथे. डिजिटल आवाजाला वर छत असतं आणि आजची बहुतेक गाणी त्या छताला आधीच टेकलेली असतात. त्यावर ६ डेसिबल चढवले की लाटांची टोकं कापली जातात आणि आवाज फाटतो. शिव्या मात्र इअरफोनला पडतात. म्हणून १०० हर्ट्झच्या खाली जितके डेसिबल वाढवले, तितकेच 'प्रीॲम्प'मध्ये, म्हणजे सगळ्या स्वरांच्या सामाईक पट्टीवर, कमी करायचे आणि फोनचा आवाज थोडा वाढवून घ्यायचा. चार ते सहा डेसिबल पुष्कळ झाले. सहा डेसिबल म्हणजे ड्रायव्हरवर चौपट वीज, आणि दोनशे रुपयांच्या ड्रायव्हरची सहनशक्ती बेताचीच असते.

काही वस्तूंना मात्र उपाय नाही. रबरी टोपी नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे इअरबड फट बुजवूच शकत नाहीत. पाठीमागून उघडे असलेले हेडफोनही तळाचा खर्ज फारसा धरत नाहीत, मग ते कितीही महाग असोत. असं काही जवळ असेल आणि बास हवाच असेल, तर पाचशे-हजारात मिळणारा टोपीवाला, वायरचा इअरफोन घ्यावा आणि घेताना खोक्यावरचे मिलिमीटर न वाचता आत किती मापांच्या टोप्या आहेत ते पाहावं.

घट्ट टोपीचा एक फायदा विक्रेता सांगत नाही. लोकलची आणि एसटीची घरघर ही मुख्यतः खालच्या स्वरांची असते. ती नेमका बास झाकून टाकते, म्हणून प्रवासात माणूस आवाज चढवत जातो. बाहेरचा गोंगाट कमी आत आला की तेवढा चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने प्रौढांना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकणं चालतं; ९० डेसिबलला अख्ख्या आठवड्यात फक्त ४ तास.