हेडफोनसाठी डॅक घेताना

वायरचा उत्तम हेडफोन घरात आहे; पण नव्या मोबाइलला तो लावण्यासाठी गोल जॅकच नाही, अशी स्थिती आज अनेक कुटुंबांत आढळते. २०१६ साली आयफोन ७ मधून हा जॅक गेला आणि पुढे अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. परिणामी टाइप-सी छिद्रात बसणारे, बोटाएवढे एक उपकरण घेणे आले. त्याच्या किमती शे-दोनशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत आहेत. किमतीत एवढी तफावत दिसली की सावध व्हावे, ही माझी बँकेतली जुनी सवय.

फोनमधील गाणे आकड्यांच्या रूपात साठवलेले असते. त्याचे विद्युत-लहरींत रूपांतर करते ती ‘डॅक’ चिप, आणि त्या लहरींना हेडफोन चालवण्याइतके बळ देतो तो अ‍ॅम्प्लिफायर. अगदी स्वस्त जोडणीत पुष्कळदा यांपैकी काहीच नसते, नुसती तार असते. काही मोजक्या फोनवर ती चालते, इतरत्र मुकी राहते. म्हणून खोक्यावर ‘डॅक’ हा शब्द प्रथम शोधावा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये ही सर्व व्यवस्था आतच असते. ते वापरणाऱ्यांनी हा खर्च करूच नये.

‘३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ’ असे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची आहे, आणि मानवी कानाची झेप तेवढ्यात पूर्ण सामावते. आमच्या वयात तर ती झेपही आखूड झालेली असते! पाहावयाचा आकडा हेडफोनवर असतो, तो म्हणजे ओहम. १६ किंवा ३२ ओहमच्या सामान्य इयरफोनला साधा डॅक पुरतो. अ‍ॅपलचा सुमारे हजार रुपयांचा लहानसा अ‍ॅडॅप्टर हा स्वतःच एक चांगला डॅक आहे. मात्र अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज लहान येतो. अशा वेळी फिओसारख्या कंपनीचा दोन-चार हजारांचा डॅक बरा. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र अधिक बळ हवे. माझ्या मते हेडफोनहून डॅक महाग नसावा. कानाला जाणवणारा फरक मुख्यतः हेडफोनच घडवतो.

एक गैरसमज मात्र चिंताजनक आहे. आजोबांना कमी ऐकू येते, म्हणून मुले त्यांना जोरकस अ‍ॅम्प्लिफायर आणून देतात. वयोमानाने आधी वरच्या पट्टीतले स्वर हरवतात. अ‍ॅम्प्लिफायर सर्वच स्वर सारखे चढवतो आणि उरलेल्या श्रवणशक्तीवर भार टाकतो. तेथे आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो; ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते.

खरेदीला जाताना स्वतःचा फोन आणि हेडफोन दोन्ही बरोबर न्यावेत. काही फोनमध्ये सेटिंगमधून ‘ओटीजी’ चालू केल्याखेरीज डॅक ओळखला जात नाही, तेही तेथेच पाहावे. नंतर तानपुऱ्याचे संथ ध्वनिमुद्रण लावून पाहावे. मागे बारीक सूं-सूं ऐकू आली, तर दुसरा नग मागावा.