कोश खिशात, व्याकरण वाऱ्यावर

"लॅटिनचा अवघा कोश आता मोबाईलमध्ये आहे, मग व्याकरणाचा काथ्याकूट हवा कशाला?" हा प्रश्न अलीकडे आम्हांस वारंवार ऐकावा लागतो. जळगाव-धुळ्याकडील धर्मग्रामांतून सेमिनरीत जाऊ इच्छिणारे तरुण तो विचारतात, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्यांना शिकवणारेही तोच विचारू लागल्यावर गप्प बसणे आम्हांस योग्य वाटत नाही.

प्रथम ऋण मान्य करू. ल्युइस आणि शॉर्ट यांचा लॅटिन-इंग्रजी कोश १८७९ साली प्रसिद्ध झाला. आमच्या विद्यार्थिदशेत त्या जाडजूड ग्रंथाची एकच प्रत ग्रंथालयात असे आणि तिच्यासाठी ताटकळावे लागे. आज तोच कोश अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या 'पर्सियस' संग्रहात आणि शिकागो विद्यापीठाच्या 'लोगिऑन'वर विनामूल्य पाहता येतो. साक्रीच्या वा चोपड्याच्या मुलाला तो पुण्याच्या मुलाइतकाच जवळ आला. ही देणगीच होय.

परंतु देणगी म्हणजे विद्या नव्हे, हे गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या एका पावरा तरुणाने आम्हांस नकळत दाखवून दिले. प्रभूच्या प्रार्थनेतील अखेरच्या मागणीत एम, ए, एल, ओ अशा चार रोमन अक्षरांचा शब्द येतो. त्याने तो मोबाईलवरील कोशास विचारला. उत्तरे आली ती अशी : वाईट, सफरचंद, डोलकाठी, 'मी अधिक पसंत करतो'. एदेन बागेतील फळ आठवून त्याने सफरचंद निवडले! "फादर, सफरचंदापासूनच सोडवायचे ना?" असे त्याने अगदी गंभीरपणे विचारले.

आम्हांस हसू आले आणि लगेच लाजही वाटली. कोशाने काहीच चुकीचे सांगितले नव्हते. चारही अर्थ खरे होते. निवड करण्याचे साधन मात्र आम्ही त्याला दिले नव्हते. त्या शब्दापूर्वी 'आ' हे अव्यय आहे आणि ते लॅटिनची पंचमी मागते. म्हणजे क्रियापद तेथेच बाद झाले. 'वाईट' या अर्थी पहिला स्वर ऱ्हस्व, सफरचंदाचा दीर्घ. रोमन छपाईत हा भेद बहुधा दाखवत नाहीत. आमच्या देवनागरीत मात्र 'मलो' आणि 'मालो' निरनिराळे दिसतात. शाळेत 'ऊन, हून' पाठ केलेल्या त्या मुलास हे पाच मिनिटांत उमगले. जे त्याला मराठीतून सहज कळते, ते त्याने इंग्रजी कोशाच्या आडवाटेने का शोधावे?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. येथे 'वाईट' म्हणजे वाईट गोष्ट की तो दुष्ट? लॅटिनमध्ये दोहोंचे रूप एकच. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने येथे सैतान ही व्यक्तीच अभिप्रेत मानली आहे. हा निवाडा कोशाच्या यादीत नाही. तो ख्रिस्तसभेच्या वाचनपरंपरेत आहे आणि ती परंपरा गुरूजवळ बसूनच मिळते.

कोणी म्हणेल, आता यंत्र सबंध वाक्याचेच भाषांतर करते. ठीक, ते बरोबर आहे की नाही, हे कोण ठरवणार? ११ फेब्रुवारी २०१३ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी पदत्यागाची घोषणा लॅटिनमध्ये केली. ती कानांनी ऐकून, समजून प्रथम जगाला कळवली जोव्हान्ना किर्री या इटालियन वार्ताहर स्त्रीने. त्या क्षणी कोश उघडण्यास सवड नव्हती. १९८३ च्या धर्मविधिसंहितेने भावी धर्मगुरूंकडून लॅटिनच्या चांगल्या ज्ञानाची अपेक्षा केली आहे, चांगल्या मोबाईलची नव्हे.

खानदेशाने तरी हे विसरू नये. १९२६ साली धुळ्यात दिवंगत झालेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी धातूंच्या कोशासाठी श्रम घेतले आणि ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. कोश आणि व्याकरण यांची फारकत त्यांना सुचली नाही. ती आम्ही करून बसलो आहोत.

दोष तरुणांचा नाही. ज्यांनी लॅटिन शिकून घेतले आणि शिकवण्याचा कंटाळा केला, त्या आम्हा धर्मगुरूंचा आहे. म्हणून आम्ही एक साधा नेम केला आहे. मुलाने आधी वहीत विभक्ती, वचन आणि क्रियापद लिहावे, मगच कोश उघडावा. आणि आम्ही आठवड्यातून एक तास त्याच्याजवळ बसावे. मोबाईल त्याच्याकडे आहे. तास मात्र आम्हीच द्यायचा आहे.