गच्चीची किल्ली कोणाकडे?

गरोदर मुस्लिम बाईच्या ‘ड’ जीवनसत्त्वाचा विषय निघाला की चर्चा दोन मिनिटांत बुरख्यावर येते. एक बाजू म्हणते, बुरखा काढा, सगळे ठीक होईल. दुसरी बाजू लगेच बचावाला उभी राहते. त्या बाईच्या हाडांचे काय, हे विचारायचे राहूनच जाते.

बुरख्याचा काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. त्वचेवर ऊन पडल्याशिवाय शरीर हे जीवनसत्त्व तयार करत नाही, आणि खिडकीच्या काचेतून येणारे ऊन त्या कामाचे नसते. पण लखनौच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ८४ टक्के स्त्रियांमध्ये ही कमतरता आढळली, आणि शहरात व खेड्यात प्रमाण जवळपास सारखेच होते. एवढ्या मोठ्या आकड्याचा उलगडा एका कपड्याने होत नाही. घराकडेही पाहावे लागते. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही. तिथली बाई घरात बिनबुरख्याची असली तरी अंधारातच असते.

‘ड’ कमी असले की खाल्लेले कॅल्शियमही नीट शोषले जात नाही. बाळाला मात्र ते लागतेच, मग ते आईच्या हाडांतून जाते. कंबर दुखते, पायात गोळे येतात, आणि घरातल्या मोठ्या बायका सांगतात, “पोटुशीला असं होतंच.” ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही जास्त. हे दुखण्यापुरते राहत नाही, आईच्या जिवावर बेतू शकते.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या घ्यायच्या असतात. एकेका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ‘ड’ असते. सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळायला हव्यात. संपल्या आहेत असे उत्तर मिळाले तर पुन्हा जाऊन विचारा, लेखी विचारा. आणि एक गोष्ट, जी घाईच्या ओपीडीत कोणी सांगत नाही: कॅल्शियमची गोळी जेवणानंतर घ्या आणि लोहाची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. एकत्र घेतल्या तर लोह नीट लागत नाही. साठ हजार युनिटची पुडी मात्र शेजारणीने सांगितली म्हणून घेऊ नये, ती डॉक्टरांनीच द्यावी.

नाचणीची भाकरी, तीळ, काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे. प्रश्न ताटात शेवटी काय उरते याचा आहे, कारण अनेक घरांत सून सर्वांत शेवटी जेवते. रमजानमध्ये गरोदर बाईला रोजा पुढे ढकलण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. तरी लोक काय म्हणतील म्हणून रोजे धरणाऱ्या मुली मी पाहते. जुम्याच्या बयानात इमामसाहेबांनी दोन वाक्ये यावर बोलली, तर आमच्या दहा शिबिरांपेक्षा जास्त काम होईल.

आणि गच्ची. दुपारी अकरा ते एक तिथे ऊन असते, आडोसा करता येतो, पुरुष कामावर असतात. तरी दाराला कुलूप असते, किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे. पुढच्या सोसायटीच्या सभेत बायकांनी ती दोन तासांसाठी मागावी.