शिखराला नाव नाही म्हणून...

मैत्रिणींनो, एक कबुली द्यायची आहे.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या महिला मंडळाची मासिक सभा होती. विषयपत्रिकेवर नेहमीचेच विषय. वह्यावाटप, मंगळागौरीचं हॉलचं भाडं, आणि शेवटी ‘आर्थिक मदतीसाठी आलेले अर्ज’. डोंबिवलीतली एक पंचविशीची मुलगी अर्ज घेऊन आली होती. नोकरी करणारी, रोज आठ-तेराच्या लोकलला लटकून जाणारी. तिच्या आईला आम्ही सगळ्याच ओळखतो. चार जणांचा संघ, त्यात दोन मुली, हिमाचलातल्या लाहौल भागात मियार नावाच्या खोऱ्यात जाणार होता. तिथलं एक शिखर चढायचं होतं. मागणी होती दहा हजारांची.

“शिखराचं नाव काय गं?” आमच्या खजिनदारबाईंनी विचारलं.

“नाव नाहीये काकू. नकाशावर नुसती उंची आहे, पाच हजार नऊशे मीटरच्या आसपास.”

सभेत कुजबुज सुरू झाली. नावच नाही, तर वार्षिक अहवालात काय लिहायचं? कुणी म्हणालं, चौघंच कशी जातात, बरोबर मोठं माणूस नको? कुणी म्हणालं, दोन मुलगे, दोन मुली, एका तंबूत... पुढचं वाक्य तिने अर्धंच सोडलं, पण सगळ्यांना पुरं ऐकू आलं. अर्ज नामंजूर झाला. नामंजूर म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होते.

आता यातली गंमत ऐका. आदल्याच वर्षी आम्ही परिसरातल्या एका मुलाला पंधरा हजार दिले होते. तो ‘एव्हरेस्ट’ला चालला होता. म्हणजे एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला. तिथवर पायवाट आहे, वाटेत मुक्कामाला लॉज आहेत, नामचे बाजारात केक मिळणाऱ्या बेकऱ्या आहेत. बेस कॅम्पची उंची ५,३६४ मीटर. चालणं दमवणारं आहे, विरळ हवेचा त्रासही होतो, त्या मुलाचं कौतुक मी कमी करत नाही. पण परत आल्यावर आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी ‘एव्हरेस्टवीर’ म्हणून टाळ्या वाजवून घेतल्या. तो बिचारा माईकवर सांगत होता, “मी फक्त बेस कॅम्पपर्यंत गेलो.” कुणी ऐकतंय का!

मुलीने पैसे दुसरीकडून उभे केले. दोर आणि बर्फात वापरायची कुऱ्हाड भाड्याने आणली. चौघांचा सगळा खर्च मिळून तीन लाखांच्या आत बसवला. एव्हरेस्टला आज एकट्या माणसाला चाळीस लाखांच्या आसपास लागतात. नेपाळ सरकारचं नुसतं परवाना-शुल्कच २०२५ पासून ११ हजारांवरून १५ हजार डॉलर झालं आहे.

जुलैत ती गेली. ऑगस्टमध्ये परत आली. आणि मला भाजीबाजारात भेटली. नाक आणि गाल सोललेले, बाकी चेहरा काळवंडलेला. मी विचारलं, “काय गं, झालं का शिखर?”

“नाही काकू, पाच हजार सहाशेवरून परत फिरलो.”

“अरेरे,” मी म्हटलं.

त्या ‘अरेरे’बद्दल आज हे सगळं लिहिते आहे.

तिला मी घरी बोलावलं, चहा केला आणि सगळं सांग म्हटलं. ती दोन तास बोलत होती. पर्वतावर जायच्या दोन तऱ्हा असतात, हे मला त्या दिवशी कळलं. एक आपण टीव्हीवर पाहतो ती. मोठा संघ, खालपासून वरपर्यंत एकामागून एक कॅम्प, शेर्पांनी आधीच बांधून ठेवलेले दोर, प्राणवायूची नळकांडी. दुसरी लहान संघाची. तिला ‘आल्पाईन स्टाईल’ म्हणतात, कारण युरोपातल्या आल्प्स पर्वतात ती रुजली. दोघं-चौघं जातात. तंबू, दोर, स्टोव्ह, खाणं सगळं आपल्याच पाठीवर. आधी बांधलेला दोर नाही की भरून ठेवलेला कॅम्प नाही. शरीराला उंचीची सवय करायला आधी थोडं चढायचं, पुन्हा खाली येऊन झोपायचं, आणि मग हवा पाहून एका दमात वर जाऊन परत यायचं. १९७६ मध्ये पीटर बोर्डमन आणि जो टास्कर या दोघाच इंग्रजांनी गढवालमधल्या चांगाबांगची पश्चिमेकडची उभी भिंत चढली होती. दोघांत मिळून एक संसार म्हणायचा तो!

आणि खरोखर संसारच असतो तो. पाणी हवं तर बर्फ वितळवायचा, आणि पातेलंभर बर्फाचं पाणी होतं वाटीभर. संध्याकाळचे दोन-तीन तास त्यातच जातात. खोऱ्यातले ओढे पहाटे ओलांडायचे, कारण दुपारी ऊन लागलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी गुडघ्याएवढं असलेलं पाणी कमरेला येतं. चढाईला रात्री एक-दोनला निघायचं, कारण तेव्हा बर्फ गोठून घट्ट असतो. दूध फ्रीजबाहेर किती वेळ टिकेल हे जसं आपण हाताने ओळखतो, तसं त्यांना बर्फाचं ओळखावं लागतं.

त्या रात्री त्यांच्यातल्या एका मुलाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या. पहाटे तो चालताना झोकांड्या खाऊ लागला. विरळ हवेने मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण असते, आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली जाणं. समोर शिखर दिसत होतं. आभाळ स्वच्छ. एकाने आजाऱ्याला खाली न्यायचं आणि उरलेल्या दोघांनी वर जायचं, असा विचार एकाने बोलूनही दाखवला. ही म्हणाली, नाही. खाली भेगांनी भरलेली हिमनदी आहे. झोकांड्या खाणाऱ्याला एकट्याने दोरावर सांभाळून नेता येणार नाही, दोघांचाही जीव जाईल. चौघंही खाली गेले. बाराशे मीटर उतरल्यावर त्या मुलाने बिस्किट मागितलं, तेव्हा ही रडली म्हणे.

आणि मी म्हटलं होतं, अरेरे.

आपल्याला शिखरच का लागतं? घरात मुलाचा निकाल लागला की आपण टक्के विचारतो, तसंच आहे हे. आणि टक्क्यांसाठी जे होतं ते डोंगरावरही होतं. २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका जोडप्याने एव्हरेस्ट चढल्याचं जाहीर केलं. पत्रकार परिषद झाली, अभिनंदन झालं, आणि मग फोटो बनावट असल्याचं उघडकीला आलं. नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली. दोष त्यांचा तर आहेच. पण वर झेंडा धरलेला एक फोटो दाखवला की हार तयार ठेवणारे आपणच ना?

पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचंच पाहा. २०१२ ची त्यांची एव्हरेस्ट मोहीम गावागावांत पोचली. तीच संस्था गंगोत्रीजवळच्या केदारगंगा खोऱ्यात मांडा-१ या शिखरासाठी १९८९ मध्ये गेली, शिखर न गाठता परत आली. १९९१ मध्ये पुन्हा गेली, पुन्हा तसंच. २०२१ च्या सप्टेंबरात त्यांचे तिघे गिर्यारोहक त्या शिखरावर पोचले. उंची सहा हजार पाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्टहून दोन हजारांवर मीटर कमी. पण तीस वर्षं मनात धरून ठेवलेलं शिखर! माझ्या ओळखीच्या दहाजणींना मी विचारलं, एकीलाही हे नाव ठाऊक नव्हतं. मलाही त्या मुलीनेच सांगितलं.

बायकांचं म्हणाल तर मुंबईच्या विनिता मुनी आहेत. १९९७ मध्ये बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली बायकांचा एक संघ अरुणाचलपासून सियाचेनपर्यंत हिमालयातून चालत गेला, २२५ दिवस! त्यात त्या होत्या. पुढे नवरा दिव्येश मुनी आणि राजेश गाडगीळांसारखे सोबती यांच्याबरोबर लहान संघातून लडाखच्या नुब्रा भागात त्या जात राहिल्या. २०१४ मध्ये तिथल्या रासा हिमनदीवर जाऊन त्यांच्या संघाने सहा हजार मीटरवरची, तोवर कुणीही न चढलेली शिखरं चढली. न चढलेलं शिखर म्हणजे बहुधा बिननावाचंच की! आमच्या सभेत त्यांचा अर्जही नामंजूर झाला असता.

आता आईचा प्रश्न. “वहिनी, तुमचं ठीक आहे, पण काही झालं तर?” त्या मुलीच्या आईने मला हेच विचारलं. हा प्रश्न मी थट्टेवारी नेणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशीजवळ द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपात झाला आणि उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणाला गेलेली पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं गाठली होती. इतकी तयार मुलगी, इतकी नावाजलेली संस्था, तरीही. त्यामुळे ‘काही होत नाही हो’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दुर्गम खोऱ्यात फोन लागत नाही, आणि सॅटेलाईट फोन आपल्याकडे सरकारी परवानगीशिवाय नेता येत नाही. मदत यायला दिवस लागतात.

पण म्हणूनच सोबत कोण आहे हे शिखराच्या नावाहून मोठं ठरतं. मुंबईचे हरीश कपाडिया १९७४ मध्ये नंदादेवी परिसरात बर्फाच्या भेगेत कोसळले, कमरेचा सांधा निखळला. सोबत्यांनी त्यांना तेरा दिवस वाहून बेस कॅम्पपर्यंत आणलं, तेव्हा हेलिकॉप्टर मिळालं. दोन वर्षं कुबड्यांवर काढून ते पुन्हा हिमालयात गेले आणि पुढे कित्येक वर्षं लहान लहान संघ घेऊन अनोळखी खोरी धुंडाळत राहिले. तेरा दिवस वाहून नेणारी माणसं पैसे भरून जमवलेल्या गर्दीत मिळतील का, तुम्हीच सांगा.

ही माणसं जमतात आपल्या इथेच. ही मुलगी सात वर्षं मुंब्र्याच्या कातळांवर रविवार काढते आहे. लोकलमधून मुंब्रादेवीचा डोंगर आपण रोज बघतो, त्यावर पोरं लटकलेली असतात हे मला माहीतच नव्हतं. मलंगगड, माहुली, मुरबाडकडचा गोरखगड सगळं त्याच चौघांबरोबर. उत्तरकाशीला जाऊन बेसिक आणि ॲडव्हान्स असे दोन्ही कोर्स केले. पावसाळ्यात मुलुंडला गिरिमित्र संमेलन भरतं, तिथे दरवर्षी जाऊन जुन्याजाणत्यांकडून शिकते. आणि घरी? पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून लिफ्ट नसलेल्या इमारतीचे चार मजले रोज वीस वेळा वर-खाली. शेजारणी म्हणायच्या, “लग्नाचं बघायचं सोडून हे काय?” तंबूतल्या मुलामुलींची काळजी करणाऱ्या आम्ही, या पोरांनी एकमेकांना किती वर्षं पारखलंय हे विचारलंच नाही.

या वर्षी तिचा अर्ज पुन्हा आलाय. तेच खोरं, तेच बिननावाचं शिखर, तीच चौघं. गेल्या आठवड्यात सभा झाली. या वेळी मी आधीच सांगून ठेवलं होतं की प्रश्न मी विचारणार. कोर्स कुणाकुणाचे झालेत, परत फिरायचा निर्णय कुणाचा, आजारी पडलेल्याला कोण खाली आणणार, विमा गिर्यारोहणालाही लागू आहे का? (तिने शोधून काढलं, नेहमीच्या पॉलिसीत तो नव्हता. वेगळा घेतला.) डोंबिवलीत कुणाजवळ रोजचा मार्ग आणि परतीची शेवटची तारीख लिहून ठेवली आहे? तिने सगळ्याची उत्तरं दिली. शेवटच्या प्रश्नावर कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आईने हात वर केला. तो कागद तिच्या देवघरात असतो.

पंधरा हजार मंजूर झाले. दोघींनी विरोध केला, तोही नोंदवला. मेतकूट आणि नाचणीच्या लाडवांची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. वजन मोजून द्यायचं आहे, सातशे ग्रॅमच्या वर एक ग्रॅमही नको, अशी तंबी मिळाली आहे.

सभा संपल्यावर खजिनदारबाई रजिस्टर उघडून बसल्या. “नाव काय लिहू शिखराचं?” त्यांनी विचारलं. मुलीने उंची सांगितली. बाईंनी नावाच्या रकान्यात ती लिहिली आणि शेजारच्या रकान्यात चौघांची नावं.