'मेरे से नै होता' आणि जामखेडच्या बाया

मागच्या महिन्यात बहिणीकडे गेलो होतो. भाची बारावी शिकलेली, लग्न होऊन सात वर्षं झालेली, हातात शिलाईचं चांगलं काम. बँकेत नॉमिनीचं नाव बदलायचा एक फॉर्म भरायचा होता. तो माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "मामू, तुम्हीच भरा. मेरे से नै होता." फॉर्म एका पानाचा. तिला वाचता येतं, लिहिता येतं. तरी नै होता.

हे वाक्य आपल्या घरांतून इतकं ऐकू येतं की त्याकडे आपलं लक्षच जात नाही. मानसशास्त्रात मात्र त्याच्या उलट बाजूला एक नाव आहे, स्व-कार्यक्षमता. म्हणजे 'हे ठरावीक काम मला जमेल' हा विश्वास. अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली ही कल्पना मांडली. हा विश्वास म्हणजे आपण सरसकट म्हणतो तो आत्मविश्वास नव्हे. माणूस चारचौघांत बोलायला धीट असतो आणि बँकेच्या काउंटरवर त्याचे पाय लटपटतात. विश्वास कामागणिक वेगळा असतो. ज्याला कुठलंच काम आपलं वाटत नाही तो हळूहळू आतून खचत जातो. पुढे 1989 मध्ये कॅरोल रिफ यांनी मानसिक स्वास्थ्याचे सहा पैलू सांगितले, त्यातला एक आहे आपल्या भोवतालावर पकड असणं. म्हणजे मन ठीक असणं ही नुसती मनातली गोष्ट नाही, हाताखाली काय येतं त्याचीही आहे.

पण ही पकड येते कुठून? उत्तर शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. नगर-बीड रस्त्यावर जामखेड आहे.

1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. आधी शिकलेल्या नर्सेस गावात ठेवून पाहिल्या, ते चाललं नाही. मग गावानेच निवडलेल्या बाया घ्यायचं ठरलं. त्यातल्या बऱ्याच दलित, गरीब, कित्येकींनी पाटीवर अक्षर गिरवलेलं नव्हतं. गरोदर बाईची काळजी कशी घ्यायची, बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, हे त्या शिकल्या. दर आठवड्याला जामखेडला यायचं, सगळ्या जातींच्या बायांनी एकत्र जेवायचं, एकत्र राहायचं, गावातली अडचण सांगायची आणि परत जायचं.

बांडुरा यांनी सांगितलेल्या चार वाटा इथे ओळीने दिसतात. स्वतः करून यश मिळणं, आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहणं, विश्वासातल्या माणसाने 'जमेल तुला' म्हणणं, आणि भीतीने धडधडणाऱ्या छातीचा अर्थ 'मी नालायक' असा न लावणं. पहिली वाट सगळ्यांत पक्की. ज्या बाईच्या हातचं पोर जुलाबातून उठलं तिला कुणी भाषण देऊन सांगायची गरज उरत नाही. दुसरी वाटही मला फार मोलाची वाटते. डॉक्टरीण बाईंना करताना बघून 'त्या शिकलेल्या आहेत' असं म्हणता येतं. शेजारच्या गावची, आपल्यासारखीच अंगठेबहाद्दर बाई ते करते म्हटल्यावर सबब संपते. नव्वदच्या दशकात प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्यू हजारी पंचविशीच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1988 मध्ये यातल्याच एक, मुक्ताबाई पोळ, वॉशिंग्टनच्या आरोग्य परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या.

आपल्याकडे मात्र उलटा कारभार. समाजात 'आत्मविश्वास वाढवा' छापाची व्याख्यानं होतात, हॉल भरतो, बिर्याणी होते, मुली टाळ्या वाजवून घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी रेशन कार्डाच्या कामाला भाऊच जातो. काम न देता विश्वास कसा येणार? चौथी नापास मुलगा तालुक्याला एकटा पाठवतो आपण, आणि ग्रॅज्युएट मुलीला दवाखान्यात केसपेपर काढायलाही सोबत लागते. मग ती घाबरट निघाली की दोष तिचाच.

कुणी म्हणेल, सगळं 'मी करीन' म्हणणं म्हणजे तवक्कुल सोडणं. मला तसं वाटत नाही. उंट आधी बांधायचा, मग अल्लाहवर सोडायचं, ही शिकवण लहानपणी मदरशात आपण सगळ्यांनी ऐकलीय. बांधण्याचा भाग आपण सोयीने विसरलो आणि त्याला नसीब हे नाव दिलं.

एक धोका मात्र आहे. 'विश्वास ठेव, सगळं जमेल' हे गरिबाला सांगणं फार स्वस्त असतं. जामखेडच्या बायांना नुसता धीर मिळाला नव्हता. औषधांची पिशवी होती, मागे दवाखाना होता, गावात महिला मंडळं आणि शेतकरी मंडळं उभी राहिली होती, धंद्यासाठी कर्जाची सोय होती. ज्या वस्तीत घर भाड्याने मिळत नाही, नावावरून नोकरीचा अर्ज बाजूला पडतो, तिथल्या मुलाची निराशा ही त्याच्या मनाची कमजोरी नव्हे. त्याला समुपदेशन द्यावं, पण दारही उघडावं लागेल.

तर तो फॉर्म. मी भरला नाही. भाची रुसली, बहीणही चिडली, "एवढं काय बिघडतं तुझं?" म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेलो, मी बाहेर पायरीवर बसलो. वीस मिनिटांनी ती घामाघूम होऊन आली. एके ठिकाणी सही राहिली म्हणून परत पाठवलं होतं. माझ्याकडे पेन मागितलं, पायरीवरच सही केली आणि मी उठायच्या आत पुन्हा आत गेली.