‘पुढच्या पटात लावा’ म्हणणाऱ्यांनो, आधी वही दाखवा

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी पटाची जोडी आहे, किंवा पटाला जाणारं पोरगं आहे, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा.

सोयाबीन निघालं, कापूस वेचणं चालू आहे, आणि चिखली-मेहकरपासून मोताळा-नांदुऱ्यापर्यंत शंकरपटाचे बॅनर लागायला लागले. आनंदच आहे. पण बॅनरच्या आधी मोबाईलवर दुसरंच काही येऊन पडतंय. याद्या. ‘या सात जोड्या ध्यानात ठेवा, यंदा पैसा करून देतील.’ खाली बैलांचे फोटो, मागच्या पटाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आणि शेवटी एक नंबर. पूर्ण यादी पाहिजे तर आधी पाचशे पाठवा. आमच्याकडचे पोट्टे पाठवूनही राहिले. एकाला विचारलं, काहून रे बाबू? तर म्हणे, ‘भाऊ, पारखी माणूस हाये तो, त्याले बैल समजते.’

माझा वाद या ‘पारखी’ शब्दाशी आहे. बैलाची पारख ही कास्तकाराची विद्या आहे. ती सट्ट्याच्या दुकानात पाचशे रुपयाला विकायला ठेवली, आणि आपण सगळे मान खाली घालून पाहत उभे आहोत.

कोणाला वाटेल हा पटाच्या विरोधात बोलतो. नाही बाप्पा. सुप्रीम कोर्टानं ७ मे २०१४ ला बंदी घातली तेव्हा पटासाठी भांडणाऱ्यांमध्ये मीही होतो. २०१७ ला विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला, तो हायकोर्टात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा मान्य केला. नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत आपण काय सांगत होतो आठवा. पट बंद झाला तर जातिवंत गोऱ्हे कोण पाळणार? ट्रॅक्टर आल्यावर बैल दावणीला राहिला तो या हौसेपायी. परंपरा आहे, पोटच्या पोरासारखा जपतो आम्ही. ‘आम्हाला पैसे लावायचे आहेत म्हणून पट द्या’ असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी बाहेर काढलं असतं.

आता पारख म्हणजे काय ते बोलू, कारण यादीवाल्यांच्या व्हिडिओत ती मला कुठंच दिसत नाही.

जिंकलेली जोडी सगळ्या गावाला दिसते. गुलाल उडाला, आंधळ्यालाही कळतं. पारखी माणूस हरलेल्या जोडीकडं पाहतो. तिसऱ्या-चौथ्या नंबरची जोडी का मागं राहिली, हे त्याला पाहायचं असतं. सुटतानाच धुरकऱ्यानं कासरा ओढून धरला होता का? एक बैल ओढत होता आणि दुसरा नुसता लटकत होता का? तसं असेल तर ओढणाऱ्याला चांगला जोडीदार मिळाला की पुढच्या वर्षी तोच सगळ्यांच्या पुढं असणार. डाव्या खांद्याची सवय असलेला बैल उजव्या अंगाला जुंपला की तो पळता पळता आत दाबतो, छकडा तिरका जातो आणि सेकंदाचे पॉइंट तिथंच जातात. बैलात खोट नाही, जुंपणाऱ्यात आहे. हे ज्याला दिसलं त्याला पुढचा मोसम दिसला.

मग दात. अदात गोऱ्हा अंगातल्या मस्तीनं पळतो, त्यावर काही ठरवू नये. दोन दाती झाला की थोडा अंदाज येतो. चार दाती, सहा दाती असताना तो वर्षागणिक बदलतो, छाती भरते, पाठ बांधली जाते. जुळलेला बैल जेवढा आहे तेवढाच आहे, त्यात नवीन काही निघत नाही. म्हणून दोन बैल सारख्याच वेळेत आले तर जाणता माणूस चार दात्याच्या मालकाशी बोलायला जातो.

खूर पाहावेत. काळे, मिटलेले, दोन फाकांत जागा नसलेले. काळ्या रानात पळायची सवय असलेला बैल मुरमाच्या पट्टीवर खुरात मार खातो, आणि यादीवाला म्हणतो ‘बैल उतरला’. अरे, उतरला नाही, पायाखालची जमीन बदलली! सगळ्यात महत्त्वाचं दिसतं ते रेषेच्या पुढं, जिथं कोणी व्हिडिओ काढत नाही. थांबल्यावर श्वास किती वेळात खाली येतो, लाळ गळते का, पाणी लगेच पितो का, दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाय आखडतो का. म्हणजे मालकाच्या गोठ्यात जाऊन बसावं लागतं.

माझ्या ओळखीतले जुने लोक वर्षभर असे फिरायचे. पण ते पैसे लावायला नव्हे, गोऱ्हा विकत घ्यायला. चुकले तर बैल तरी घरी राहायचा, वखराला चालायचा. आजच्या पोराचा अंदाज चुकला की हातात काय राहतं? मोबाईल.

हे वेड फक्त आपल्याकडं नाही. विलायतेत घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यती असतात, कुंपणावरून आणि चरावरून उड्या मारत दोन ते चार मैल पळायचं. त्यांची ग्रँड नॅशनल १८३९ पासून धरतात. सपाट शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असतानाच नाव काढतो, पण उडीचा घोडा उशिरा पिकतो, आठ-नऊ-दहा वर्षांचा होऊन भरात येतो. म्हणून तिथं आज हरलेल्या पण पुढं चमकणाऱ्या घोड्यांवर नजर ठेवणं हा मोठा उद्योग आहे. १९४८ साली फिल बुल नावाच्या माणसानं (आडनाव बुलच, मी काय करू!) टाइमफॉर्म नावाची संस्था काढली. हा गडी आधी गणिताचा मास्तर. घड्याळाची वेळ, अंगावरचं वजन, जमीन ओली का कोरडी, सगळं जुळवून तो प्रत्येक घोड्याला आकडा द्यायचा. आकड्यापुढं बारीक ‘पी’ असला की समजायचं, हा घोडा अजून सुधारणार. पुढच्या मोसमात कोणत्या घोड्यांवर लक्ष ठेवावं याची पुस्तकंही ते छापतात.

सट्टा तिथंही आहे, भरपूर आहे. त्याची तारीफ करायला हे सांगत नाही. सांगायचं एवढंच की तिथल्या घोड्याची प्रत्येक धाव लिहिलेली असते. तारीख, मैदान, अंतर, वजन, वय, स्वार, कितवा आला. भाकीत करणारा खोटं बोलला तर कोणीही जुना कागद काढून त्याचं तोंड बंद करू शकतो.

आपल्याकडं काय आहे? पंच माईकवर सेकंद सांगतात, टाळ्या पडतात, संध्याकाळी बक्षीस वाटून मंडप निघतो. वही असलीच तर ती कोणाच्या तरी दिवाणात. अंतर प्रत्येक गावाचं वेगळं, पट्टी वेगळी, त्यामुळे या गावचे सेकंद त्या गावच्या सेकंदांशी लावताच येत नाहीत. तरी यादीवाला छातीठोक सांगतो, ‘ही जोडी सगळ्यांत फास्ट.’ कशावरून? त्याच्या व्हिडिओवरून! व्हिडिओ कोणत्या पटाचा, कोणत्या वर्षाचा, त्याच बैलांचा का, काही पत्ता नाही. सात जोड्यांतली एक लागली की तिचाच स्टेटस महिनाभर फिरतो. सहा बुडाल्या त्यांचं नाव कोणी काढत नाही.

आणि ज्याच्या हातात यादी आहे त्याच्याच ओळखीत जोडी असेल तर? लहान पटात कासरा ओढून जोडी मागं ठेवायची, भाव वाढू द्यायचा आणि मोठ्या पटात मोकळी सोडायची. हे अवघड नाही, कारण तपासणारं कोणी नाही. मग पारख बैलाची करायची की धुरकऱ्याच्या मनगटाची?

इथं एक जण हमखास म्हणतो, ‘मुंबईत महालक्ष्मीला सूटबूटवाले लावतात ते चालतं, आमच्या पोट्ट्यानं पाचशे लावले तर पोलीस.’ खरं आहे, आणि मलाही ते खुपतं. महालक्ष्मीचं मैदान १८८३ पासूनचं. १९९६ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, नुसतं नशीब नाही. बैलाच्या पारखीला कौशल्य लागत नाही असं कोण म्हणेल? आमच्या म्हाताऱ्यांना न्यायाधीशांसमोर उभं केलं असतं तर त्यांनी दात पाहून दाखवले असते. दुटप्पीपणा आहेच.

पण त्यावर उपाय आपल्या पटात सट्टा आणणं हा नाही. महालक्ष्मीला घोड्याची नोंद असते, अंगात औषध आहे का तपासतात, स्वारानं मुद्दाम घोडा ओढला तर त्याच्यावर बंदी येते. आणि एवढं असूनही क्लब आणि सरकार आपला वाटा आधी कापून घेतात, मग उरलेलं लावणाऱ्यांत वाटतात. तिथं बहुतेकांचा खिसा रिकामा होत असेल तर विनापावती, विनानोंद, धुऱ्यावर उभं राहून लावणाऱ्याचं काय होणार, हिशोब करा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन गेमांवर केंद्रानं कायदा आणला. त्यानंतर तीच मंडळी मला पटाच्या कुंपणापाशी दिसू लागली आहेत. हा माझ्या डोळ्यांचा हिशोब आहे, चुकीचा वाटला तर तुमच्या गावचं तुम्ही सांगा.

यंदा पावसानं आपल्या जिल्ह्यात काय केलं ते मी सांगायला नको. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल कागदावर होता, हातात किती पडले ते ज्याचं त्याला माहीत. त्यातले दोन हजार पोरगं ‘पक्की जोडी’ म्हणून लावून येतं आणि घरी सांगतं, खताची उधारी दिली.

दुसरा मरतो तो बैल. त्याच्यावर बाहेरच्या लोकांचे पैसे लागले की तो मालकाचा राहत नाही. सकाळी पाय धरून उभा राहिला तर मालकाच्या पोटात कालवतं, पण मागून फोन येतात, ‘जोडी उतरलीच पाहिजे, लोकांचे पैसे हायेत.’ मग टोचणी निघते, शेपूट पिळली जाते, बॅटरीचा झटका निघतो. २०१४ च्या बंदीमागं हीच कारणं होती. कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे, तो शोभेसाठी नाही. एखाद्या पटात असा एक व्हिडिओ निघाला आणि कोर्टात गेला तर बंद पडेल तो सगळ्या जिल्ह्याचा पट. यादीवाला दुसरा धंदा पाहील. दावणीला बांधलेल्या जोडीचं तुम्ही काय करणार? २०२२ ला लंपीत आपल्या जिल्ह्यानं किती जनावरं पुरली ते विसरलो नसाल, तर वाचलेल्यांना असं पळवू नका.

आपल्याकडं भाकीत नवीन नाही. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पहाटे पिकापाण्याचं सांगतात, राज्यभरातून लोक ऐकायला येतात. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ऐकून आलेला कास्तकार घरी येऊन रानातली ओल स्वतःच्या मुठीत दाबून पाहतो आणि मग पेरतो. एवढी अक्कल आपल्याला आहे. बैलाच्या बाबतीतच ती कुठं जाते?

आता पट भरवणाऱ्या मंडळांना सरळ बोलतो. परवानगीसाठी तुम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा मारता, डॉक्टरची तपासणी करून घेता, मंडपाला लाखभर घालता. एक शंभर पानी वही घ्या. जोडीचं नाव, दोन्ही बैलांचे दात, कोण डावा कोण उजवा, धुरकरी कोण, अंतर किती फूट, पट्टी मुरमाची की मातीची, वेळ किती, आणि पळून आल्यावर डॉक्टरांनी काय पाहिलं. संध्याकाळी त्याच पानांचे फोटो काढून सगळ्यांसाठी टाका, फुकट. ज्याला गोऱ्हा घ्यायचा त्याला खरी माहिती मिळेल, पैदास करणाऱ्याला कोणत्या वळूची पोरं पळतात ते कळेल, आणि पाचशे रुपयाची यादी विकणाऱ्याचं दुकान आठवडाभरात उघडं पडेल. धुऱ्यावर पैसे घेणारा दिसला तर माईकवरून नाव घ्या. तो कोणाचा भाचा आहे ते मग पाहू.

ज्या गावात २०१४ च्या आधीच्या पटाच्या वह्या अजून असतील त्यांनी कळवा. मी स्वखर्चानं येतो, पानांचे फोटो काढतो आणि वही जागेवर ठेवून जातो. चिखली आणि मेहकर तालुका या महिन्यात करतो, घाटाखालची गावं संक्रांतीनंतर.