पावती फाडली की रान उघडतं, पण कुणासाठी?



पावसाळा सरत आला की जालन्यात शनिवार-रविवारच्या सहलीचे बेत सुरू होतात. मस्तगडात जिथं बसून आम्ही हे पत्रक स्टेन्सिलवर उतरवतो, तिथल्या चहाच्या गाड्यावरही हीच बोलणी. रात्री औरंगाबादेत मुक्काम, सकाळी वेरूळ, तिथून कन्नडवरून गौताळ्याचं अभयारण्य, पितळखोऱ्याची लेणी, मग घाट उतरून पाटणादेवी. बेत झकास आहे. शहरातल्या माणसाला दोन दिस हिरवं बघावं वाटलं तर त्यात वावगं काय? लेकरांना घेऊन खुशाल जावं. आमचं म्हणणं आहे ते फाटकाविषयी.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं. ज्या कायद्यानं अभयारण्यं होतात त्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात आत जायची परवानगी कशासाठी द्यावी याची यादी आहे. अभ्यास, फोटो, संशोधन, आणि पर्यटन. म्हणजे सहलीवाल्याची सोय कायद्यातच लिहिलेली आहे. चौकीवर पैसे भरा, पावती घ्या, चला. आणि ज्याचे बाप-आजे त्याच रानात डिंक, सिताफळं, टेंभुर्णीची पानं गोळा करत आले त्याच्यासाठी काय? दवंडी पिटल्यापासून दोन महिन्यांत हक्काचा दावा लेखी द्या! ज्याला अक्षर येत नाही त्यानं दोन महिन्यांत लेखी द्यायचं. मग सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईला कुणी हटकलं की तिच्यापाशी दाखवायला कागद नसतो, आणि मोटारीतल्या पाहुण्यापाशी असतो.

त्या नावाचंही ऐका. औट्रम हा इंग्रज अंमलदार. 1818 ला पेशवाई बुडून खानदेश इंग्रजांकडं गेला, तेव्हा सातमाळ्याच्या घाटवाटा भिल्ल नाईक राखत आणि त्या राखणीचा हक्क घेत. इंग्रजाच्या डोळ्यांत ते खुपलं. भिल्लांनी बंड केलं, ते मोडायला फौजा आल्या, आणि 1825 साली याच औट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी करून भिल्लांनाच काबूत आणलं. घाटाला नाव त्याचं लागलं. वाट राखणाऱ्या नाईकांचं नाव फाटकाच्या पाटीवर शोधून सापडायचं नाही. आज तिथं पावती फाडली जाते तीही वाटेची राखणच की, फक्त पैसा दुसरीकडं जातो.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. मुंबईत बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभरावर चौरस किलोमीटरचं. रविवारी तिथं जत्रा भरते. त्याच रानात वारल्यांचे पाडे आहेत, उद्यानाच्या आधीपासूनचे. 1997 साली उच्च न्यायालयानं अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हा या पाड्यांनाही अतिक्रमणाच्याच हिशेबात धरलं गेलं. पाहुण्याला तिकीट आणि घरधन्याला नोटीस.

म्हणून आमचं मत सरळ आहे. दावे निकालात निघेपर्यंत अभयारण्यात नवी विश्रामगृहं नको, तंबू नको, आणि पर्यटनाचा कुठलाही आराखडा ग्रामसभेला विचारल्याशिवाय नको. 2006 चा वनहक्क कायदा अभयारण्यालाही लागू आहे. दाव्याची पडताळणी पुरी झाल्याशिवाय कसणाऱ्याला हुसकता येत नाही. वन्यप्राण्यांच्या नावाखाली गाव हलवायचं म्हटलं तरी ग्रामसभेची लेखी संमती लागते, आणि हलवलेली जागा पुढं दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे आज जनावरासाठी उठवलं आणि उद्या तिथं हॉटेल टाकलं, हे चालायचं नाही.

पण दावाच टाकला नाही तर कायदा काय करणार? 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असाल तर वैयक्तिक दाव्याचा फॉर्म भरा. सरपण, चराई, डिंक यांसाठी गावाचा सामूहिक दावा वेगळा टाका. दंडाची जुनी पावती असली तर फेकू नका, तीच पुरावा आहे. एका कागदावर भागत नाही, दुसरा पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नसावा आणि लिहून घेतलेला असावा. गावात सत्तरी ओलांडलेलं कोण आहे ते बघा आणि या हंगामातच बसून लिहून घ्या. पोहोच घेतल्याशिवाय दावा हातचा सोडू नका.

सहलीला निघालेल्या शहरातल्या साथींना एवढंच सांगणं: वाट दाखवायला तिथलाच पोरगा घ्या, त्याची मजुरी आधी ठरवा, जेवण वस्तीवर सांगा. सिताफळाची पाटी घेऊन बसलेल्या बाईशी रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि गेलाच आहात तर तिला विचारा, दावा टाकला का?